आईची गोष्ट आणि मिशनची शाळा

दूरच्या वस्तीत जाऊन तेथील मुलांसाठी बायबलची शाळा भरविणाऱ्या मिशनऱ्यांविषयी जे लेखन आपल्या वाचनात येते, त्याचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग मिशनच्या अहवालांचा आणि त्या अहवालांवर पोसलेल्या चरित्रग्रंथांचा. त्यात झाडाखाली ओळीने बसलेली मुले असतात, त्यांच्या हाती पाट्या असतात, आणि एका गीतासरशी त्यांच्या मनातील काळोख दूर झालेला असतो. दुसरा वर्ग आरोपपत्रांचा. त्यात तीच मुले, तेच झाड आणि तेच गीत असते. फक्त काळोख दूर होण्याऐवजी एक संस्कृती उद्ध्वस्त झालेली असते. ह्या दोन्ही वर्गांतील लेखक एकमेकांचे कट्टर विरोधक असले, तरी एका बाबतीत त्यांचे एकमत दिसते. दोघांच्याही लेखी मूल हा केवळ एक पुरावा असतो. ते त्या शाळेत का गेले, आणि जाताना त्याने घरातून काय नेले वा काय मागे ठेवले, हे विचारण्याची गरज कोणालाच भासत नाही.

नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे ह्यांनी ही गरज ओळखली, आणि म्हणूनच 'थिंग्ज फॉल अपार्ट' (1958) व 'नो लाँगर ॲट ईझ' (1960) ह्या त्यांच्या दोन कादंबऱ्या जोडीने वाचणे अगत्याचे आहे. पहिल्या कादंबरीची कीर्ती जगभर झाली. दुसरीकडे मात्र तिच्या मानाने दुर्लक्ष झाले. परंतु मिशनच्या शाळेचा विचार करावयाचा तर पहिलीने मांडलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसरीत आहे, आणि ते उत्तर सरकारी नोकरीनिमित्त घरापासून दूर राहणाऱ्या वाचकाला विशेष जवळचे वाटेल असे आहे.

अचेबे ह्यांचा जन्म 1930 सालचा, इग्बो मुलखातील ओगिडी गावचा. चर्च मिशनरी सोसायटीने नायजर नदीकाठी ओनित्शा येथे आपले ठाणे 1857 मध्ये उभारले होते. लेखकाचे वडील त्याच मिशनचे उपदेशक व शिक्षक होते. म्हणजे ज्या शाळेविषयी ते लिहितात तिच्या अंगणातच ते वाढले. अशा लेखकाकडून एकतर कृतज्ञतेचे स्तोत्र अपेक्षिले जाते, नाहीतर बंडखोराचा त्रागा. त्यांनी ह्यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी एका बापाची, त्याच्या मुलाची आणि त्या मुलाच्या मुलाची हकीकत सांगितली.

पहिल्या कादंबरीचा नायक ओकोंक्वो हा उमुओफिया गावचा नामांकित मल्ल आणि लढवय्या. आपला बाप ऐतखाऊ आणि दुबळा होता, ह्या लाजेने तो जन्मभर पछाडलेला असतो. साहजिकच, आपला थोरला मुलगा न्वोये मर्दानी निपजावा असा त्याचा ध्यास. संध्याकाळी तो मुलांना आपल्या झोपडीत बसवून लढायांच्या आणि रक्तपाताच्या कथा ऐकवितो. न्वोये त्या ऐकतो, आवडल्याचे सोंगही करतो. पण त्याचे मन रमलेले असते ते आईच्या गोष्टींत. धूर्त कासवाची गोष्ट, साऱ्या जगाला कुस्तीचे आव्हान देणाऱ्या पाखराची गोष्ट, आणि आकाश व धरती ह्यांच्या भांडणाची गोष्ट. ह्या शेवटच्या गोष्टीत आकाश रुसते आणि सात वर्षे पाऊस रोखून धरते. जमीन अशी दगड होते की, मेलेल्यांना पुरण्यासाठी खड्डादेखील खणता येत नाही. अखेर गिधाडाला धरतीचा वकील म्हणून वर धाडतात. माणसांच्या दुःखाचे गाणे गाऊन ते आकाशाला पाझर फोडते आणि अळवासारख्या पानांत बांधलेला पाऊस घेऊन निघते. वाटेत त्याच्या नखाने पाने फाटतात, धो धो पाऊस कोसळतो आणि चिंब भिजलेले गिधाड निरोप सांगायला घरी न परतता दूरच्या मुलखात निघून जाते. आई हे गाणे गाऊ लागली की न्वोयेचे भान हरपते. ओकोंक्वोला मात्र ह्या बायकी गोष्टी वाटतात.

ही गोष्ट आपण इतक्या तपशिलाने आठवली ह्याला कारण आहे. पुढे ओकोंक्वो हद्दपारीची सात वर्षे आजोळी, म्बांता गावी काढीत असताना तेथे सहा मिशनरी येतात. त्यांतला एकच गोरा. त्यांच्याबरोबरचा दुभाष्या इग्बोच असतो, पण त्याची बोली वेगळी. 'मी स्वतः' ह्या अर्थी तो जो शब्द योजतो, त्याचा अर्थ म्बांताच्या बोलीत 'माझा पार्श्वभाग' असा होतो, आणि गंभीर प्रवचन चालू असताना सभेत हशा पिकतो. परप्रांतात बदली होऊन तेथील भाषेत पहिले भाषण करण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना हा हशा ओळखीचा वाटेल. एक देव आणि त्याचा पुत्र असतो, मग त्या देवाला बायकोही असलीच पाहिजे, असा बिनतोड सवाल ओकोंक्वो टाकतो. आणि ही माणसे वेडी आहेत असे ठरवून निघून जातो. वादात मिशनचा पूर्ण पराभव झालेला असतो.

पण त्याच सभेत ते गातातही. अंधारात आणि भयात बसलेल्या भावंडांविषयीचे ते गीत ऐकताना न्वोयेच्या मनाची जी अवस्था होते तिचे वर्णन करण्यासाठी लेखकाने जी उपमा वापरली आहे, ती तहानलेल्या धरतीवर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांची. येथे चाणाक्ष वाचक थबकतो. ही आईच्या गोष्टीतलीच धरती, आणि हा त्या गिधाडाने आणलेलाच पाऊस! मिशनच्या गीताने न्वोयेला काही नवे दिले असे लेखक म्हणतच नाही. बापाच्या घरात जे त्याला हक्काने मिळावयास हवे होते आणि चोरून घ्यावे लागत होते, तेच त्याला परक्यांच्या तोंडून उघडपणे ऐकू आले. जुन्या कथेतले गिधाड परत फिरले नाही. न्वोयेही परत फिरत नाही. कोठेही स्पष्टीकरण न देता दोन प्रसंगांत हा जो धागा लेखकाने गुंफला आहे, तो ह्या कादंबरीतील कलेचा परमोच्च बिंदू म्हणावा लागेल.

गीताबरोबर आणखी एक गोष्ट होती. न्वोयेच्या मनात दोन आठवणी सलत होत्या. जुळी मुले अशुभ म्हणून मडक्यात घालून रानात टाकून देण्याची रूढी होती, आणि रानातून येणारा तो टाहो त्याने एकदा ऐकला होता. दुसरी आठवण इकेमेफुनाची. शेजारच्या गावाकडून खुनाच्या भरपाईदाखल मिळालेला हा मुलगा तीन वर्षे ओकोंक्वोच्या घरी न्वोयेच्या भावासारखा वाढला, आणि देववाणीच्या आज्ञेवरून त्याला ठार करण्यात आले. शेवटचा घाव घालणाऱ्यांत ओकोंक्वो स्वतः होता. आपण भ्यालो असे कोणी म्हणू नये म्हणून. हे असे का, असे विचारण्याची सोय न्वोयेला घरात नव्हती. ईश्वराच्या त्रिविध रूपाचे तर्कशास्त्र त्याला मुळीच कळले नाही, असे लेखक स्पष्ट सांगतो. त्याला कळले ते एवढेच की, आपल्या मनातील प्रश्न हा पाप नाही असे मानणारी माणसे जगात आहेत. जुळी मुले टाकून द्यावी लागलेली एक गरोदर स्त्रीही ह्याच सुमारास मिशनकडे जाते, आणि अस्पृश्य मानले गेलेले 'ओसू' लोकही. म्हणजे घराने ज्यांना उत्तर दिले नाही ते सारे ह्या नव्या दारातून आत शिरतात. आपल्या समाजाविषयी इतके उत्कट प्रेम बाळगूनही त्याचा हा दोष इतक्या निःसंकोचपणे मांडणारा लेखक विरळा.

शाळेचे चित्रही असेच समतोल आहे. उमुओफियात ब्राउन नावाचा मिशनरी शाळा आणि छोटेसे रुग्णालय काढतो. तो घरोघर हिंडून मुले मागतो. लोक प्रथम आपले गुलाम किंवा आळशी पोरे पाठवितात. येणाऱ्यांना तो बंड्या आणि पंचे देतो, आणि बजावतो की, तुम्ही लिहावाचायला शिकला नाहीत तर परगावचे लोक येऊन तुमच्यावर राज्य करतील. शाळेचा गुण लवकर दिसू लागतो. काही महिन्यांच्या शिक्षणावर कोर्टात पट्टेवाल्याची किंवा कारकुनाचीही जागा मिळू लागते. ब्राउन हा सज्जन आहे. गावातल्या एका प्रतिष्ठिताशी तो देवाधर्माविषयी तासन् तास बोलतो, आणि दोघांपैकी कोणीच दुसऱ्याचे मत बदलू शकत नाही. त्याच्या जागी येणारा स्मिथ मात्र जगाकडे पांढरे आणि काळे एवढ्या दोनच रंगांत पाहतो, आणि मग आग भडकते. येथे लेखकाने सुचविलेला विचार असा की, शाळेचा बरेवाईटपणा तिच्या धर्मग्रंथावरून ठरत नाही. शिक्षक ऐकून घेणारा आहे की नाही ह्यावरून तो ठरतो. परंतु ब्राउनचे सौजन्य मान्य करूनही एक गोष्ट विसरता येत नाही. त्याच्या शाळेची वाट कोर्टाच्या दाराशीच जाऊन पोहोचते.

पहिल्या कादंबरीतील एक उणीव येथे नोंदविली पाहिजे. न्वोये शाळेत गेला, आयझॅक झाला, अध्यापनाचे शिक्षण घेण्यास गेला, एवढे आपल्याला कळते. पण त्या शाळेच्या वर्गात लेखक आपल्याला नेत नाही. मुलाच्या मनाचा ठाव इतक्या कोमलपणे घेणारा लेखक शाळेच्या उंबरठ्यावर येताच त्याचा हात सोडून पुन्हा बापाकडे वळतो. शोकांतिका बापाची आहे हे खरे; तरीही वाचकाची जिज्ञासा अतृप्त राहते. ती पुरी होण्यासाठी दुसऱ्या कादंबरीची वाट पाहावी लागते.

'नो लाँगर ॲट ईझ'चा काळ स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील नायजेरियाचा आहे. न्वोये आता वृद्ध झाला आहे; आयझॅक ओकोंक्वो नावाचा निवृत्त उपदेशक. त्याचा मुलगा ओबी हा ह्या कथेचा नायक. ओबीची आई पूर्वी मुलींना लोककथा सांगत असे. पण ह्या कथा अधर्मी आहेत म्हणून आयझॅकने त्या बंद पाडलेल्या असतात. ज्या न्वोयेला आईच्या गोष्टींसाठी बापाची चोरी होती, तोच बाप झाल्यावर आपल्या घरातली गोष्ट बंद करतो! ओकोंक्वोने ती बायकी म्हणून हिणविली, आयझॅकने ती अधर्मी म्हणून वर्ज्य केली. कारण बदलले, बंदी तीच राहिली.

आणि आता लेखक आपल्याला शाळेच्या वर्गात नेतो. शाळा मिशनचीच. तिच्यात तोंडी पाठाचा एक तास असतो आणि त्यात मुलांनी लोककथा सांगावयाच्या असतात. ओबीची पाळी येते. तो थरथरत उभा राहतो, गोष्टीची परंपरागत सुरुवात उच्चारतो आणि पुढे त्याला काहीच येत नाही. वर्ग हसतो; तो रडत जागेवर येतो. घरी आल्यावर आई त्याला धीर देते, बाप संध्याकाळच्या प्रार्थनेला जाईपर्यंत थांबायला सांगते, आणि मग त्याला गोष्टी शिकविते. काही आठवड्यांनी तो पुन्हा उभा राहतो, एका दुष्ट चित्तिणीची गोष्ट धिटाईने सांगतो आणि शेवटी पदरचे दोन शब्द घालून साऱ्या वर्गाला हसवितो.

पानभराचा हा प्रसंग म्हणजे मिशनच्या शाळेवर लिहिलेली उत्तम टीका होय. शाळा गोष्ट मागते. धर्मांतरित घर ती दडवून ठेवते. मुलाचे घरचे धन लुटले गेले असेल तर ते केवळ परक्या शिक्षकाने लुटले नाही. आपली नवी निष्ठा सिद्ध करण्याच्या धडपडीत त्याच्या स्वतःच्या बापानेही त्यावर कुलूप घातले. नव्याने बाटलेला माणूस पुरोहितापेक्षा कडवा असतो, हा अनुभव काही एकाच धर्माचा नव्हे. आणि त्या कुलपाची चोरकिल्ली येथेही आईच्याच हाती राहते.

'ओसू'च्या बाबतीत हा व्यूह पूर्ण होतो. पहिल्या कादंबरीत मिशनने ज्या बहिष्कृतांना पोटाशी धरले, त्यांच्यापैकीच एका घराण्यातील क्लारा हिच्याशी ओबीला लग्न करावयाचे असते. बाप उपदेशक, तेव्हा ख्रिस्तापाशी बद्ध आणि मुक्त असा भेद नाही, हे त्याला मुलाने सांगावे लागते. तो म्हणतो, आपण ख्रिस्ती खरे, पण म्हणून काही ओसूशी सोयरीक करता येत नाही. आई तर आपण जिवंत असेतो हे लग्न होऊ देणार नाही, अशी निर्वाणीची भाषा करते. त्याच रात्री आयझॅक मुलाला स्वतःच्या तरुणपणाची हकीकत सांगतो: इकेमेफुनाचा वध, घर सोडणे, बापाचा शाप. ज्याने एका निरपराध मुलासाठी बाप सोडला, तोच आता एका निरपराध मुलीसाठी रूढी सोडू शकत नाही. शाळेने त्याला उत्तरे दिली. पण आणखी प्रश्न विचारण्याची सवय दिली नाही, असाच ह्याचा अर्थ घ्यावा लागतो.

ओबी सरकारी अधिकारी आहे. उमुओफियाच्या स्थलांतरित मंडळींनी स्थापलेल्या प्रगती संघाने आठशे पौंडांचे परतफेडीचे कर्ज देऊन त्याला विलायतेस धाडले होते. परप्रांतातील आपल्या महाराष्ट्र मंडळांचा परिचय असलेल्यांना त्या संघाच्या सभा, तेथील म्हणी, मानापमान आणि वर्गणीचे हिशेब वाचताना हसूही येईल आणि मनात कालवाकालवही होईल. ओबीची नेमणूक शिष्यवृत्ती मंडळावर होते. म्हणजे कोणत्या मुलाला शिक्षण मिळावे ह्याचा निर्णय आता त्याच्या हाती. आणि तेथेच तो लाच घेऊ लागतो. कादंबरी सुरू होते त्याच्या खटल्याने. असा सुशिक्षित तरुण असे कसे करू शकला, हे कोणालाच उमगत नाही. त्याच्या अधःपाताच्या पायऱ्या लेखकाने जरा घाईने उतरविल्या आहेत, हा आक्षेप खरा आहे; ओकोंक्वोच्या पतनात जी अटळता जाणवते ती येथे नाही. तरीही निदान अचूक आहे. आजोबाची मूल्ये त्याने कधी ऐकली नाहीत, बापाची त्याला पटली नाहीत, आणि कचेरीने त्याला मूल्यांऐवजी मोटार, विमा आणि आयकर एवढेच दिले.

हे सारे वाचताना आपल्याकडील इतिहास आठवल्यावाचून राहत नाही. जोतीराव फुले 1841 ते 1847 ह्या काळात पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या मिस फरार ह्यांची मुलींची शाळाही त्यांनी पाहिली. त्यांनी तेथून प्रश्न विचारण्याची रीत घेतली, धर्म घेतला नाही, आणि 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. त्यांच्या शाळेतील मुक्ता ह्या मांग समाजातील मुलीने मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. वेद आमचे नव्हेत तर मग आमचा धर्म कोणता, असे ती त्यात विचारते. पत्र मिशनचे, प्रश्न मुलीचा. न्वोयेच्या मनात जे नुसतेच सलत राहिले ते ह्या मुलीने स्वतःच्या लेखणीने मांडले, आणि ते छापणाऱ्या मिशनऱ्यांना त्याचे श्रेय दिलेच पाहिजे.

दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. 1895 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण अभंग आणि कीर्तन सोडले नाही. तुकोबांच्या वाटेनेच ते ख्रिस्ताकडे गेले. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, आणि त्याच लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त मराठी घरातली गोष्ट आपल्या साऱ्या ठसक्यासह जिवंत राहिली. आयझॅकने जे कुलूप घातले ते घालण्याची मुळीच गरज नव्हती, ह्याचा ह्याहून चांगला दाखला कोणता हवा?

दूरच्या पाड्यांवर, डोंगरांतल्या वस्त्यांवर उन्हाळ्याच्या सुटीत आजही बायबलच्या शाळा भरतात. इतर धर्मांची संस्कार शिबिरे भरतात आणि सरकारी आश्रमशाळाही चालतात. त्या सर्वांना अचेबे ह्यांच्या कादंबऱ्या एकच कसोटी लावतात: तेथे मुलाच्या आईची गोष्ट सांगण्याचा तास आहे काय? बंडी, पंचा, खाऊ आणि गाणे घेऊन जाणारा मनुष्य मनाने कितीही निर्मळ असला, तरी तो केवळ सांगायला जात असेल आणि ऐकायला थांबत नसेल, तर त्याच्या कामाचे फळ तिसऱ्या पिढीत कडू निघण्याचा संभव असतो.

पहिल्या कादंबरीच्या अखेरीस ओकोंक्वो गळफास घेतो, आणि तेथे आलेला गोरा जिल्हाधिकारी मनाशी योजतो की, ह्या मुलखातील रानटी जमाती आपण कशा शांत केल्या ह्यावरील आपल्या नियोजित पुस्तकात ह्या माणसावर एखादे प्रकरण, निदान एक बरासा परिच्छेद लिहिता येईल. जे आपण तीनशेहून कमी पानांत पण आयुष्यभर पुरेल असे अनुभविले, त्याची त्याच्या लेखी किंमत एका परिच्छेदाची! परक्या मुलखात राहून तेथील माणसांवर शेरे आणि अहवाल लिहिणे हा ज्यांचा नित्याचा व्यवसाय आहे, त्यांनी ते शेवटचे पान सावकाश वाचावे. आपल्या प्रत्येक परिच्छेदामागे कोणा न्वोयेची आई आकाशाचे आणि धरतीचे गाणे म्हणत असते, एवढे स्मरण त्याने राहिले तरी पुष्कळ झाले.